'परवानगी नाही' लिहिल्याने लेकरांचे फोटो वाचत नाहीत

तान्हा पोळा आला की नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर फेटा बांधून लाकडी बैल मिरवणाऱ्या लेकरांच्या फोटोंचा पाऊस पडतो. त्यातच एखादा फॉरवर्ड असतो: 'माझे फोटो एआयसाठी वापरायला माझी परवानगी नाही. कॉपी करून टाका.' टाकला की फोटो सुरक्षित, असा समज आहे. तो खोटा आहे.

हा मजकूर जुनाच. २०१२ मध्ये तो फेसबुकवर कॉपीराइटच्या नावाने फिरला, सप्टेंबर २०२४ मध्ये 'गुडबाय मेटा एआय' म्हणून परतला (मेटा म्हणजे फेसबुकची कंपनी). खातं उघडताना मान्य केलेल्या अटी अशा चार ओळींनी बदलत नाहीत. आणि लेकराचा चेहरा उचलून अश्लील चित्र बनवणारा भामटा आपली नोटीस वाचत बसणार आहे थोडाच!

फरक पडतो तो फोटो कोणाला दिसतो यानं. खातं प्रायव्हेट करा, अनोळखी फॉलोअर काढा. शाळेच्या किंवा ट्यूशनच्या सार्वजनिक पेजवर फोटो असेल तर काढायला सांगा, भीड कसली? गणवेशावरचं शाळेचं नाव तर दिसूच देऊ नका.

तरीही बनावट चित्र निघालंच, तर 'खोटंच आहे' म्हणून गप्प बसू नका. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर खऱ्या मुलासारखं हुबेहूब दिसणारं, संगणकानं बनवलेलं अश्लील चित्रही येतं. लिंक आणि खात्याचं नाव टिपून ठेवा. चित्र मात्र कुणालाही, अगदी 'सावध करायला' म्हणूनही, फॉरवर्ड करू नका. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.