आधी भावकीला कळवा

घरातल्या माणसाच्या मृत्यूची खबर परगावी असलेल्याला उशिरा पोचली, तर त्याने सुतक किती दिवस पाळायचे, याचा धर्मशास्त्रात रीतसर हिशेब आहे. दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळायचे. त्यानंतर कळले तर त्याहून कमी. महिने लोटतील तशी मुदत आखडत जाते आणि वर्ष उलटून गेले असेल तर स्नान केले की संपले. आईवडिलांच्या बाबतीत मात्र मुलाला ही सूट नाही. कधीही कळो, कळल्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस. असले नियम मराठी मुलखात ज्या ग्रंथाच्या आधाराने सांगितले जातात, तो ‘धर्मसिंधु’ १७९० साली लिहिणारे काशीनाथ उपाध्ये राहत पंढरपुरात, पण त्यांचे मूळ गाव संगमेश्वराकडचे गोळवली. ज्या मुलखातून माणसे सतत बाहेर पडत आली, तिथल्याच घराण्यातल्या पंडिताने उशिरा पोचणाऱ्या बातमीचा कायदा नीट लावून ठेवावा, हा योगायोगही असेल. मला तो फार चपखल वाटतो.

कारण कोकणात नातलगांना खबर देण्याची मुळे जिव्हाळ्यापेक्षा बंधनात जास्त आहेत. कोण गेले, कोण जन्मले, कुणी किती पैसे पाठवले, कुणाचा हिस्सा कुठे, एवढे कळलेच पाहिजे अशी व्यवस्था होती. बाकीचे, म्हणजे कुणाचा खोकला गेला, कुणाच्या मुलाला बक्षीस मिळाले, हे सगळे याच वाटांवरून, जागा उरली तर, मागून गेले.

पेशवाईत श्रीवर्धनच्या भटांमागोमाग, म्हणजे पेशव्यांच्या घराण्यामागोमाग, किनाऱ्यावरची कितीतरी घराणी घाटावर चढली आणि पुणे, वाई, मिरज, इंदूर, ग्वाल्हेर, काशी अशी पांगली. मागे राहिले कुलदैवत, चार खाचरे आणि भाऊबंद. गुहागरच्या व्याडेश्वराला नमस्कार करायला येणाऱ्यांत आजही निम्मे-अधिक लोक असे असतात, की ज्यांच्या घरात कोकणात राहिलेला शेवटचा माणूस कोण हे कुणालाच आठवत नाही. पण सोयर-सुतक पाळायचे तर भावकी कोणती हे ठाऊक असावे लागते, आणि ठाऊक ठेवायचे तर कुणीतरी कळवत राहावे लागते. हे काम बहुधा गावच्या उपाध्यायाकडे किंवा घरातल्या एखाद्या चिकट स्मरणशक्तीच्या आजोबांकडे असे. पुढे विसाव्या शतकात घराण्यांचे कुलवृत्तांत छापले जाऊ लागले, तेव्हा त्यातली बरीच भर अशा आजोबांच्या वह्यांनी घातली. त्या वह्यांत मुलींची लग्ने झाली की वंशावळीची रेघ थांबते. हा मुद्दा पुढे येईलच.

ज्यांच्याकडे वह्या नव्हत्या त्यांच्याकडे गणपती होता. कोकणात बऱ्याच ठिकाणी सगळ्या भावकीचा गणपती एकाच मूळ घरात बसतो, आणि भावकीत सुतक असले तर चतुर्थीला मूर्ती आणत नाहीत. त्यामुळे श्रावणअखेर झालेला मृत्यू मुंबईच्या खोलीत दडवून ठेवता येत नाही आणि गावातला मुंबईवाल्यांपासून लांबवता येत नाही. रायगडात ज्यांचा गणपती अशा कारणाने राहतो ते तो साखरचौथीला, म्हणजे भाद्रपद वद्य चतुर्थीला, आणतात. म्हणजे उशिराची सोय इथेही आहेच.

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची तयारी केली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी जिल्हा गिरण्यांना माणसे पुरवणारा सर्वात मोठा जिल्हा झाला. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही धरायचा. तो १९८१ साली वेगळा निघाला. पुरुष मुंबईला, बाई, म्हातारी माणसे आणि शेती गावाला, अशी घरे मधोमध फाटली. त्याच्या खुणा अजून जनगणनेत दिसतात: २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या.

फाटलेले घर सांधायला टपालखाते वेळेवर आले. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ साली निघाले आणि टपालाची मनीऑर्डर १८८० साली. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी एक चिठोरी असे. कितीतरी चाकरमान्यांचा महिन्याचा सारा पत्रव्यवहार तेवढ्यात उरके: रुपये वीस पाठविले आहेत, दोन खंडूशेटचे द्यावे, गाय व्याली का कळवावे, गणपतीस रजा मिळेल असे वाटते. पोस्टमन पैसे मोजून देई, अंगठा घेई आणि मजकूर वाचून दाखवी. ओटीवर तेव्हा सासू असे, शेजारीण असे, पैसे देणे लागत असलेला वाणीही वास काढत आलेला असे. बायकोला नवऱ्याची खुशाली कळे ती अशी, चारचौघांदेखत. तिला काही उलट कळवायचे तर कार्ड लिहायला शाळामास्तर किंवा पाचवीतला पोर. त्यामुळे ‘इकडील सर्व क्षेम’ या तीन शब्दांच्या मागे काय काय दाबलेले असेल, याचा अंदाजच केलेला बरा. जुनी कार्डे चाळली की ती कोरडी वाटतात. ती कोरडी नव्हती, उघडी होती.

मजकूर वाचण्याआधीच कार्ड बोलत असे. कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेले असले की मंगलकार्य. एक कोपरा फाडलेला आणि वर ‘श्री’ नाही, की पोस्टमनचाच चेहरा उतरलेला असे. असे कार्ड घरात ठेवत नसत. वाचून फाडून टाकत. तार तर उघडण्याआधीच घरात रडारड. ‘मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली’ याचा अर्थ आई बहुधा गेलेली आहे, हे सगळ्यांना पाठ होते. पाठवणाऱ्यालाही आणि मिळणाऱ्यालाही ठाऊक असलेले हे खोटे शंभरेक वर्षे चालले, आणि ते दयाळू होते असे माझे मत आहे. प्रवासाचा दिवस तरी माणूस आशेवर काढी. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा घेतल्या गेल्या, तोवर कोकणातल्या घरांनी तार येण्याची भीती बाळगणे कधीच सोडून दिले होते.

कागदापेक्षा जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे गावचा माणूस. मुंबईत गिरणगावात, गिरगावात, डोंगरीला बऱ्याच गावांच्या सामाईक खोल्या होत्या. एकेका खोलीत पाळ्या लावून झोपणारे पंधरा-वीस जण, भिंतीवर ट्रंका, आणि गावाहून आलेला कुणीही आधी तिथे. कुणाच्या घरचे छप्पर उडाले, कुणाच्या म्हशीला काय झाले, हे तिथे एकदा सांगितले की गावच्या सगळ्या मुंबईकरांना पोचे. यातूनच गावोगावची मुंबई मंडळे उभी राहिली. धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या दापोलीजवळच्या मुरूडसाठी, बाहेरगावी कमावणाऱ्या गावकऱ्यांच्या वर्गणीतून ‘मुरूड फंड’ सुरू केला, तो याच जातीचा आणि आरंभीच्या काळातला. वर्गणीची वही ही बातम्यांचीही वही असते. नाव खोडले गेले की माणूस गेला किंवा भांडला.

माणूस जायचा बोटीने. भाऊच्या धक्क्यावरून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसे, फणस, निरोप सगळे एकत्रच वरखाली होई. पावसाळ्यात लांबची बंदरे बंद. ज्येष्ठ ते श्रावण टपाल घाटरस्त्यांनी फिरून येई, आणि नेमके लावणीच्या, आजारपणाच्या दिवसांत घरे एकमेकांपासून तुटत. बोट बुडाली तर काय होई, हे १७ जुलै १९४७ ला दिसले. गटारी अमावास्येला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहून निघालेले आणि मासेमाऱ्यांनी उचललेले लोक काठाला लागले तेव्हा कित्येक तासांनी किनाऱ्याला खबर लागली. धक्क्यावर आणि रेवसला नावे विचारत उभी राहिलेली माणसे पुढे कितीतरी दिवस तिथेच होती.

बोटींची जागा एस्टीने घेतली. ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवलेली कोकमाची बाटली, ‘परळला आमचा माणूस येईल’ एवढ्या पत्त्यावर, पोचत असे. रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडले. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या त्या ७४१ किलोमीटरांनी प्रवास बदलला खरा, बातमीचे मात्र फारसे काही बदलले नाही. तोवर फोन आला होता.

एक मार्ग मात्र मुंबईहून कुणी येण्याचीही वाट बघत नसे, तो म्हणजे गाऱ्हाणे. शिमग्यात पालखी दारी आली किंवा गणपतीत आरती झाली, की घरातला किंवा मानाचा माणूस देवापुढे उभा राहतो आणि मोठ्याने सांगू लागतो: बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू मुंबैक पोटापाण्यासाठी गेलो हा, त्येका येश दी, धाकट्याचा लगीन जुळना नाय, ती वाट मोकळी कर. प्रत्येक वाक्याला जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. देवाला हे सारे ठाऊकच असते. गावाला ते या निमित्ताने कळते, आणि कळलेल्याला सगळ्यांची संमतीही मिळते. कुणाला मूल नाही, कुणाची नोकरी गेली, हे एरवी विचारायची चोरी. इथे ते मानाने सांगितले जाते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबतच गेला. हजारो कामगार गावाला परतले. त्या वर्षांच्या गाऱ्हाण्यांत गिरणी कितीदा आली असेल याची नोंद कुठल्याच कागदावर नसणार.

समुद्रापलीकडची शाखा वेगळी. रत्नागिरी आणि जंजिऱ्याकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून केपटाउनला जाऊन राहिले. खलाशी तर त्याआधीपासून बोटींवर. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला तसे खाडीकाठच्या गावांतले तरुण कुवेत, सौदी, दुबईला गेले. पत्राला पंधरवडा आणि ट्रंक कॉलला पगारातला मोठा तुकडा. मग टेपरेकॉर्डर कामी आला. घरचे सगळे ओटीवर बसून कॅसेट भरत: आधी अब्बांचा सलाम, मग आईचे रडू, मग नव्या बाळाला चिमटा काढून काढलेला आवाज. ती घेऊन जाणारा असे सुट्टीवरून परतणारा शेजारी. कॅसेट एकट्याने, दार लावून ऐकता येई. पोस्टकार्डाने हिरावलेला आडोसा असा तारुण्यातल्या जोडप्यांना परत मिळाला.

पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ नव्वदच्या दशकात नाक्यानाक्यावर आले आणि रात्री दर कमी झाल्यावर तिथे रांग लागे. बूथवालाही पोस्टमनइतकाच जाणकार. मग मोबाइल, मग व्हॉट्सअ‍ॅप. आता गावच्या घरात मुंज ठरली की तासाभरात न्यू जर्सीला कळते. पण नीट पाहिले तर जुने नियम जागेवर आहेत. मृत्यूची खबर ग्रुपवर टाकण्याआधी थोरल्या घरांना फोन करायचा असतो. तो न करता कुणा उत्साही पुतण्याने टाकलीच, तर वर्षभर बोलणी खातो. वाईट बातमीआधी रोजचा फुलांचा सुप्रभात थांबतो. वाढदिवसाला केक, पण परीक्षेत नापास झालेल्याबद्दल अवाक्षर नाही. ते पूर्वीसारखेच कुणीतरी आडून विचारते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीचे टॉवर आणि विजेचे खांब झोपवले, तेव्हा लॉकडाउनमध्ये अडकलेले मुंबईकर दिवसचे दिवस फोन लावत बसले. शेवटी खबर आली ती रेंज सापडेपर्यंत मोटरसायकलवर गेलेल्या पोरांकडून, एकेका घराचे नाव घेऊन: अमक्याचे कौल गेले, माणसे ठीक, तमक्याची पोफळी आडवी.

गेल्या काही वर्षांत भावकीचे जे ग्रुप निघाले, त्यांतल्या बऱ्याचशा ग्रुपांचे कारण मात्र सातबारा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाले आणि सामाईक सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावे तशीच पडून असल्याचे मोबदल्याच्या वेळी उघडकीला आले. वारसतपास करायचा तर कोण कधी, कुठे वारले याचे दाखले हवेत. मग ज्यांना पन्नास वर्षांत कुणी सत्यनारायणालाही बोलावले नव्हते, त्यांचे नंबर नागपुरात, बेळगावात, टोरंटोत शोधले गेले. शोधताना कुलवृत्तांताच्या थांबलेल्या रेघांपाशी सगळे अडले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वारसाकायदा बदलला आहे. मुलींचा हिस्सा आता मुलांइतकाच आहे, आणि त्या सोडणार असतील तर हक्कसोड पत्रावर त्यांच्या सह्या लागतात. तेव्हा ज्या आत्यांना माहेरची खबर कासाराकडून नाहीतर बाजारात भेटलेल्या बाईकडून लागायची, त्यांना भावकीच्या ग्रुपवर घेतले गेले. सही कुठे, कधी करायची हे भाऊ तिथे कळवतात. सही करायची की नाही, हे त्या माहेरवाशिणींनी काढलेल्या दुसऱ्या ग्रुपवर ठरते.