छातीला मार, चूक दुसऱ्याची: अपघात भरपाईचा क्लेम नेमका कुठे अडतो

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जखमीला स्ट्रेचरवर टाकलं, की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कसं लागलं?" सोबतचा घाबरलेला भाऊ किंवा शेजारी उत्तर देतो, "गाडीवरून पडला जी." तेवढंच केसपेपरवर लिहिलं जातं. मागून ट्रॅक्टरने उडवलं, बोलेरो कट मारून गेली, याचा कागदावर पत्ताच राहत नाही. पुढे विमा कंपनीचा वकील हाच कागद न्यायाधीशांसमोर ठेवतो आणि म्हणतो, हा तर स्वतःहून पडला. कितीतरी खरे दावे मी या एका ओळीवर अडलेले पाहिले आहेत. म्हणून सोबत जो कोणी असेल त्याने पहिल्याच वेळी नीट सांगावं: कोणत्या वाहनाने, कुठून येऊन, कशी धडक दिली. गाडीचा नंबर दिसला असेल तर तोही सांगावा. डॉक्टरांना ही नोंद एमएलसी म्हणून, म्हणजे पोलीस केस म्हणून करायला सांगावं. तिथून नागपूरला मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत, सेवाग्रामला, यवतमाळला रेफर केलं तर तिथेही हेच सांगावं. दोन दवाखान्यांच्या कागदांवर दोन हकिकती आल्या तर निस्तरता निस्तरत नाही.

अर्ज कुठे करायचा, हे सोपं आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे जिल्हा न्यायालयातच. अपघात झाला त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, तसाच तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो. वाशिमच्या माणसाला अमरावतीच्या रस्त्यावर मार लागला, तर त्याने दर तारखेला अमरावतीला जाण्याचं कारण नाही. जखमी माणूस स्वतः अर्जदार असतो, आणि तो अंथरुणावर असेल तर त्याने अधिकार दिलेला माणूस त्याच्या वतीने अर्ज करू शकतो.

मुदतीचा घोळ मात्र मोठा आहे. गावात अजूनही ठामपणे सांगतात, "क्लेम केव्हाही टाकता येते." हे पूर्वी खरं होतं. 1994 च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढली होती, आणि जुन्या लोकांच्या डोक्यात तेच बसलं आहे. पण 1 एप्रिल 2022 पासून नवी तरतूद लागू झाली, तिच्याप्रमाणे अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत करायचा आहे. सुट्टी मिळाल्याच्या तारखेपासून नाही, दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून नाही, अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यापासून तर नाहीच. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की केवळ मुदत उलटली म्हणून असे अर्ज फेटाळू नयेत. त्यामुळे ज्यांचे सहा महिने निघून गेले त्यांनी घरी बसू नये, वकिलाला हा आदेश दाखवून अर्ज टाकावा. पण ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांनी अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहू नये. असा आदेश अंतिम निकालात बदलू शकतो.

अपघातानंतर पोलिसांनी 48 तासांत न्यायाधिकरणाला पहिला अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल पाठवायचा, असा नियम आहे. तो सविस्तर अहवालच अर्ज म्हणून धरता येतो, असंही कायदा म्हणतो. नियम चांगला आहे. पण तो अहवाल गेला की नाही, हे ठाण्यात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. बीट जमादार "पाठवलं" म्हणाले तर जावक क्रमांक मागा. तो मिळत नसेल तर आपला अर्ज वेगळा टाका.

आता एफआयआरची अडचण. धडक देणारा ट्रॅक्टर बहुतेक वेळा गावातल्याच कोणाचा असतो. तो येतो, दवाखान्याचे वीस हजार भरतो, आणि घरचे म्हणतात, "पोलिसात काह्याले जाता भाऊ, आपल्या गावातलाच माणूस हाये." मला हे नातं समजतं, त्याला मी हसत नाही. पण एक गोष्ट गावाला समजावून सांगावी लागते: ट्रॅक्टरचा विमा चालू असेल आणि त्याच्या अटी पाळलेल्या असतील, तर भरपाई मालक देत नाही, विमा कंपनी देते. विम्याचा हप्ता त्याने त्यासाठीच भरलेला असतो. तक्रार दिली म्हणजे त्याच्या घरावर जप्ती आली, असं होत नाही. उलट वीस हजारात मिटवून, कोऱ्या कागदावर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून दिलं, आणि दोन महिन्यांनी छातीत पुन्हा पाणी झालं, की खर्च पेलायला कोणीच उरत नाही. तक्रार द्यायला उशीर झाला असेल तरी द्यावी. जखमीचे प्राण वाचवण्याच्या धावपळीत एफआयआरला झालेला उशीर एवढ्यावरून दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलं आहे. ठाणेदारांनी हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, आणि तरीही नोंद होत नसेल तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. पोचपावती जपून ठेवा.

छातीच्या दुखापतीचा खरा घोळ पुढे आहे, आणि तो पाय किंवा हात मोडलेल्यांना सोसावा लागत नाही. बरगडीला गेलेली बारीक चीर पहिल्या दिवशीच्या साध्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. डॉक्टर पट्टा आणि गोळ्या देऊन घरी पाठवतात, आणि जखमी प्रमाणपत्रावर, म्हणजे दुखापत कसली हे लिहून डॉक्टर पोलिसांना देतात त्या कागदावर, "साधी दुखापत" असं येतं. चार-आठ दिवसांनी खोकताना जीव जातो, दम लागतो, मग शहरात सीटी स्कॅन होतो आणि तीन बरगड्या मोडलेल्या निघतात, कधी फुफ्फुसाभोवती रक्त किंवा हवा साचलेली निघते, नळी टाकावी लागते. पण पोलिसांच्या फाईलमध्ये पहिलंच प्रमाणपत्र असतं. कायद्याच्या भाषेत हाड मोडणं म्हणजे गंभीर दुखापत, आणि बरगडी हाडच आहे. साधी की गंभीर, यावर गुन्ह्याचं कलम ठरतं आणि पुढे पैसेही ठरतात. म्हणून नंतरचा सीटी रिपोर्ट घेऊन पहिल्या दवाखान्यात जा आणि सुधारित जखमी प्रमाणपत्र मागा, त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला लेखी अर्जासोबत द्या. हा अर्ज कोणी करत नाही. तोंडी सांगून परत येतात, आणि तोंडी सांगितलेलं फाईलला लागत नाही.

दुसरी अडचण अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची. वकील सांगतो "डिसॅबिलिटी आणा", माणूस जिल्हा सामान्य रुग्णालयात बुधवारी रांगेत उभा राहतो, आणि तिथे सांगतात, छातीचं प्रमाणपत्र निघत नाही. माणूस खचून परत येतो आणि क्लेम सोडून देतो. तिथले कर्मचारी चूक सांगत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या यादीत 21 प्रकार आहेत. आपल्याकडे घराघरात माहीत असलेला सिकलसेल त्यात आहे, पण बरगड्या मोडून फुफ्फुसाची ताकद कमी होणं त्यात नाही. चूक एवढीच, की न्यायाधिकरणाला ते दिव्यांग कार्डच लागतं असं नाही, हे कोणी सांगत नाही. न्यायाधिकरणाला लागतं ते तज्ज्ञ डॉक्टरांचं मूल्यांकन: फुफ्फुसाची क्षमता मोजणारी फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, जुने-नवे स्कॅन, आणि त्यावरून कायमचं किती टक्के नुकसान झालं याचं कारणासहित मत. ही चाचणी वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीरोग विभागात होते. जखम पूर्ण भरल्यावरच तिचा आकडा टिकतो, म्हणून घाई करू नका. दावा आधी टाका, हे प्रमाणपत्र नंतर पुराव्याच्या वेळी जोडता येतं. ते तयार होण्याची वाट पाहत सहा महिने घालवलेली माणसं मी बघितली आहेत, आणि ते बघून जीव तुटतो.

आणखी एक. नुसता कागद लावून भागत नाही, मत देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते. पैसे घेऊन टक्के लिहून देणारे लोकही आहेत. तशा प्रमाणपत्राकडे न्यायाधिकरणं संशयाने बघतात, आणि मग खरं नुकसानही खोटं वाटायला लागतं. ज्या दवाखान्यात उपचार झाले तिथल्याच डॉक्टरांचं मत घ्या.

टक्के मिळाले, की पुढचा प्रश्न कामाचा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केलं, की डॉक्टरांनी लिहिलेले टक्के आणि कमाईचं नुकसान एकच नसतं. बाजार समितीत तुरीचे कट्टे वाहणारा हमाल आणि दुकानात गल्ल्यावर बसणारा माणूस, दोघांचं फुफ्फुस सारखंच दुखावलं तरी हमालाची रोजी जाते. म्हणून अर्जात "शेतमजूर" एवढंच लिहू नका. फवारणीचा पंप पाठीवर घेता येत नाही, नांगराच्या मागे चालताना दम लागतो, कापसाचं गाठोडं उचलवत नाही, असं लिहा.

हिशेब साधारण असा होतो. वय 38, महिन्याची कमाई 10,000 रुपये, कमाईचं नुकसान 20 टक्के धरलं, तर या वयाचा गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची याचा वयावरून ठरलेला आकडा, 15. म्हणजे 10,000 गुणिले 12 गुणिले 15, त्याचे 20 टक्के, 3,60,000 रुपये. यात पुढच्या कमाईची वाढ, दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च वेगळा मिळवतात. अर्जाच्या तारखेपासूनचं व्याजही साधारणपणे मिळतं.

कमाईचा पुरावा कोणाकडेच नसतो. शेतकऱ्याने नुसता सातबारा लावला, तर कंपनी म्हणते जमीन तर शाबूत आहे, मग नुकसान कसलं? त्यासोबत तुमचं काम करायला मजूर लावावे लागले त्याचा हिशेब, बाजार समितीच्या काटापट्ट्या, बँकेचं पासबुक द्या. मजुरांनी रोजगार हमीचं जॉब कार्ड द्यावं. काहीच नसलं तरी न्यायाधिकरण किमान वेतनाच्या अंदाजाने कमाई धरतं, अर्ज त्यावाचून मरत नाही. नागपूरला नेणाऱ्या गाडीवाल्याकडून तारीख घालून चिठ्ठी घ्या. उपचार महात्मा फुले योजनेत झाले असतील तर बिल हातात येत नाही, पण सुट्टीचा कागद, ऑपरेशनच्या नोंदी आणि स्कॅनची सीडी मागून घ्या. अपघातग्रस्तांसाठी 2025 पासून नेमलेल्या दवाखान्यांत 7 दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोखरहित उपचाराची केंद्राची योजनाही आहे. भरती करतानाच तिची चौकशी करा.

बाकी कागद नेहमीचे: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, आधार, पासबुक, समोरच्या गाडीचं आरसी, विमा आणि चालकाचं लायसन्स. शेवटचे तीन पोलिसांकडून मिळतात. नंबरावरून विमा चालू आहे का, हे एमपरिवहन ॲपवर बघता येतं. लायसन्स नव्हतं म्हणून कंपनीने हात वर केले, तरी न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरायला लावून मालकाकडून वसूल करायला सांगतं. ट्रॉलीत बसून जाणाऱ्या मजुरांचं मात्र अवघड आहे. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीतले प्रवासी साधारणपणे येत नाहीत. कामावर असताना मार लागला असेल तर कर्मचारी भरपाईच्या तरतुदीखाली (आधी 1923 चा कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020) मालकाकडे दावा होऊ शकतो, त्याची मुदत दोन वर्षं आहे. पण दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही, एकच रस्ता निवडायचा असतो.

चूक कोणाची हे सिद्ध करणं जमणार नसेल, तर कलम 164 खाली गंभीर दुखापतीसाठी ठरलेले अडीच लाख मिळतात, तिथे निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही. मात्र ही रक्कम तडजोडीत स्वीकारली, की कलम 166 चा दावा संपतो. मोठं नुकसान असेल तर कंपनीच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर अशा अपघातांसाठीच्या केंद्राच्या 2022 च्या योजनेत गंभीर दुखापतीला 50,000 रुपये आहेत. तो अर्ज न्यायालयात नाही, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे. तिथेही "गंभीर" हाच शब्द लागतो, म्हणजे पुन्हा तेच जखमी प्रमाणपत्र. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू आणि डोळा, हात-पाय गमावणं येतं, छातीच्या दुखापतीसाठी कृषी कार्यालयाच्या चकरा मारू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा, किंवा 15100 वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत मिळतो. दवाखान्याच्या दारातच वकीलपत्रावर सह्या घेणाऱ्या दलालाला कोरा कागद किंवा सही केलेला चेक देऊ नका, मूळ स्कॅन तर देऊच नका. त्याला झेरॉक्स द्या. मूळ फिल्म उन्हाळ्यात टिनाखाली एकमेकींना चिकटतात, त्या कापडात गुंडाळून थंड जागी, उभ्या ठेवा.