ऑरेंजचा 'न' कुठं गळाला?

ऑरेंज हा शब्द नारंगवरून आलाय असं सांगणारे फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतात आणि ते बरोबरच आहे, पण त्यात पुढं हमखास असतं की इंग्रजांनी 'अ नॉरेंज'चं चुकून 'अ‍ॅन ऑरेंज' केलं. हे मात्र चूक. १४०० च्या आसपास हा शब्द इंग्रजीत पोचला तेव्हाच त्याचा न गेलेला होता.

संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, इथवर न शाबूत आहे, स्पॅनिशमध्ये तर आजही आहे. इटालियनमध्ये 'नारांचा'च्या आधी 'उना' हे उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या 'अ', 'अ‍ॅन'सारखा शब्द, लागायचं, भरभर बोलताना दोन न एकात मिसळले, ऐकणाऱ्याला एकच ऐकू आला आणि त्याने तो उपपदाच्या खात्यात टाकला. उरलं 'आरांचा'. फ्रेंचमध्येही तसंच झालं, आणि तिथं 'ओर' म्हणजे सोनं, त्यामुळे बहुधा सुरुवातीचा 'ओ' आला.

असं होतं कारण बोलताना शब्दांच्या मधे जागा नसतेच! मोबाइलवर एखादं वाक्य रेकॉर्ड करून त्याची लहर बघा. शांतता दिसते ती बरेचदा शब्दाच्या पोटात, प किंवा ट उच्चारताना हवा क्षणभर अडते तिथं, आणि दोन शब्दांच्या सांध्यावर लहर सलग चाललेली असते. शब्द कुठं तोडायचा हे आपला मेंदू ठरवतो, ओळखीच्या शब्दांवरून अंदाज बांधून, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजात तो अंदाज तपासायला काही साधनच नव्हतं.

इंग्रजीत हे खरोखर घडलं ते दुसऱ्या शब्दांत. अंपायर हा मुळात 'नूंपेर', म्हणजे जोडीत न बसणारा, तिसरा माणूस. सापासाठी 'नॅडर' हा शब्द होता त्याचा अ‍ॅडर झाला, जर्मनमध्ये तो अजून नाटर आहे. उलटही झालं, 'अ‍ॅन एकनेम' म्हणजे जादाचं नाव, त्याचं झालं निकनेम.

आणि सगळे शब्द संस्कृतातूनच निघाले असं म्हणणाऱ्यांसाठी, नारंग संस्कृतात बहुधा द्राविडी भाषांतून आलाय. शब्द कुठल्या एका भाषेची जहागीर नसतात.

रंगाला हे नाव मिळालं ते फळावरून, सोळाव्या शतकात. त्याआधी पिवळा-लाल म्हणायचे किंवा सरळ लाल, म्हणून तर रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही त्याचं नाव रेडब्रेस्ट आहे.

मला सगळ्यात आवडतो तो एप्रन. तो आधी 'नेप्रन' होता, नॅपकिनचा सख्खा भाऊ, दोघं फ्रेंचमधल्या एकाच कापडाच्या शब्दातून आलेले. दोघांच्याही आधी 'अ'च लागायचा, पण न गेला तो फक्त एप्रनचा.