संजय गांधी राष्ट्रीय उद्यान : निसर्गानुभव आणि वन्यजीव संरक्षण

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलेले, सुमारे १०४ चौ. किमी. क्षेत्राचे संरक्षित वन आहे. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड व गोरेगाव, दक्षिणेला आरे आणि पवई, पूर्वेला भांडुप, मुलुंड व ठाणे अशा दाट वस्त्यांनी ते वेढलेले असून, एवढ्या मोठ्या महानगराच्या अंगाला लागून असूनही बिबट्याचा कायम वावर असलेली वने जगात फार थोडी आहेत. मुंबईकर बोलताना त्याचा उल्लेख ‘नॅशनल पार्क’ असा करतात. या नावातील ‘पार्क’मुळे आणि मराठी नावातील ‘उद्यान’मुळे ही एखादी मोठी बाग असावी असा समज सहज होतो व पाहुण्यांच्या वागण्यातील बऱ्याच चुकांचे मूळ या समजात सापडते. बागेत झाडे माणसासाठी लावलेली असतात. येथे माणूस जंगलात काही तासांपुरता आलेला असतो.

हे जंगल टिकले त्याचे पहिले कारण वन्यप्राणी नव्हते, पाणी होते. इ. स. पू. पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे खोदल्या गेलेल्या कान्हेरीच्या शंभराहून अधिक बौद्ध लेण्यांत जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी खडकात कोरलेले पाण्याचे टाके आढळते. तेथील शिलालेखांत या टाक्यांचा उल्लेख ‘पोढी’ या शब्दाने येतो. डोंगरावर पडणारा पाऊस पन्हळींतून टाक्यांत आणून वर्षभर पुरवण्याची ती व्यवस्था आजही पावसाळ्यात चालू अवस्थेत पाहता येते. त्यानंतर अनेक शतकांनी, वाढत्या मुंबईची तहान भागवण्यासाठी याच डोंगररांगेत विहार तलाव (१८६०) आणि तुळशी तलाव (१८७९) बांधण्यात आले, आणि तलावांचे पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहावे म्हणून भोवतालच्या रानावर निर्बंध आले. दहिसर आणि मिठी या मुंबईच्या दोन नद्यांचा उगम याच परिसरात होतो. शहरात नाल्याचे रूप घेतलेली दहिसर नदी उद्यानाच्या हद्दीत खडकांवरून खळाळत वाहताना पाहिली, की नदी बिघडते ती नेमकी कोठून हे वेगळे सांगावे लागत नाही.

कृष्णगिरी, मग बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि पुढे सध्याचे नाव अशी नामांतरे झाली व टप्प्याटप्प्याने लगतची वने जोडून क्षेत्र वाढत गेले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानाला अभयारण्यापेक्षाही कडक संरक्षण असते. येथे शिकार, वृक्षतोड तर नाहीच, गुरे चारण्यासही मनाई असते. अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन यांसाठी मात्र परवानगीने प्रवेश देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. लोकांना जंगल दाखवणे आणि लोकांपासून जंगल राखणे ही दोन्ही कामे एकाच वनखात्याकडे असल्याने, बोरिवलीच्या बाजूचा थोडा भाग पर्यटनासाठी मोकळा आणि आतला मोठा भाग बंद अशी विभागणी करण्यात आली आहे. वाघ-सिंहांची सफारी, नौकाविहार आणि ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी या सोयी त्या मोकळ्या भागातल्या. सफारीतील वाघ-सिंह बंदिस्त आहेत. या जंगलात आज मोकळा वाघ नाही. सहलीला आलेल्या मुलांना हे स्पष्ट सांगणे फार गरजेचे आहे, कारण पिंजऱ्याच्या गाडीतून पाहिलेला सिंह म्हणजेच येथील वन्यजीवन असे समजून परतणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोरून खरे जंगल न दिसताच निघून जाते.

ते खरे जंगल मिश्र पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, खैर, पळस, काटेसावर, पांगारा, कदंब आणि बांबू ही येथली नेहमीची झाडे, तर खाडीकडील काठावर कांदळवन आहे. सस्तन प्राण्यांत बिबट्यासोबत चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, उदमांजर, वाघाटी, वानर आणि माकडे आढळतात. तलावांत मगरी आहेत. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक आणि फुलपाखरांच्या दीडशेहून अधिक प्रजातींची नोंद झालेली आहे. निव्वळ आकड्यांतून मात्र या रानाची चव कळत नाही, ती ऋतूंतून कळते. माघ-फाल्गुनात पानगळ झालेल्या रानात काटेसावर, पळस व पांगारा फुलतात, तेव्हा मैना, कोतवाल, हळद्या आणि शिंजीर यांची फुलांवर झुंबड उडते. झाडे उघडी असल्याने पक्षी दिसायलाही हाच काळ उत्तम असतो. मेअखेरीस नवरंग येतो आणि पहाटे त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येऊ लागते. पहिल्या पावसानंतर ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गाऊ लागतो, ज्याची लय माणसाने सहज घातलेल्या शिळेसारखी असल्याने नवखा माणूस मागे वळून पाहतो. श्रावणात कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी फुले उमलतात, आणि पावसाळा सरताना वाटेच्या कडेला ओल्या मातीवर फुलपाखरांचे थवे क्षार शोषत बसलेले दिसतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले नीलवंत (ब्लू मॉरमॉन) त्यांत असते.

हे पाहण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत निरुपद्रवी रीत म्हणजे चालणे होय. उपनगरांतील अनेक रहिवासी पास काढून रोज पहाटे येथे फिरायला येतात, आणि वर्षानुवर्षे तीच वाट चालल्याने त्यांच्यापैकी कित्येकांना कोणत्या उंबराला कधी फळ येते हे घरच्या आंब्याइतके ठाऊक असते. उद्यानातील निसर्ग माहिती केंद्र शिलोंडा आणि तुळशी यांसारख्या वाटांवर मार्गदर्शकासह भ्रमंती आयोजित करते, तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र गोरेगावच्या बाजूला, उद्यानाच्या सीमेलगत आहे. मार्गदर्शकासोबत पहिल्यांदा गेलेल्या गटाला दोन तासांत जेमतेम दोन किलोमीटर अंतर कापता येते, आणि ते तसेच असावे. कोळ्याचे जाळे, मुंग्यांनी पाने शिवून केलेले घरटे, सालीशी एकरूप झालेला पतंग, वाटेवर पडलेली बिबट्याची विष्ठा आणि तीतून डोकावणारे केस यांसाठी थांबावे लागते. दुर्बीण असल्यास बरे, नसल्यास कान पुरतात. मोबाइलवरील गाणी मात्र अजिबात चालत नाहीत. पक्ष्याला पुढे बोलावण्यासाठी त्याच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवण्याची खोड छायाचित्रकारांत वाढली आहे. विणीच्या हंगामात ती विशेष घातक ठरते, कारण प्रतिस्पर्धी आला असे समजून नर घरटे व पिले सोडून त्या आवाजामागे धावत राहतो.

पाहुण्यांकडून होणारे सर्वांत सार्वत्रिक नुकसान मायेपोटी होते, म्हणून ते थांबवणेही अवघड जाते. मारुतीचे रूप म्हणून माकडांना केळी, चणे, बिस्किटे देणारे अनेक जण आपण पुण्य करतो असे मनापासून मानतात. आयते अन्न मिळू लागलेली टोळी रानातील पाला, फळे व किडे शोधणे सोडून रस्त्याकडेला बसते, पिशव्या हिसकावते, चावते, गाड्यांखाली सापडते. एका जागी दाटी झाल्याने त्यांच्यात आपसांतील मारामाऱ्या आणि रोगही वाढतात. शिवाय माकडांनी खाल्लेल्या रानफळांच्या बिया दूरवर पडून रुजतात, ते कामही मंदावते. खाऊच्या वासाने प्लास्टिकची पिशवी चितळाने गिळण्याचा धोका वेगळाच. कचरा परत घरी नेणे, प्राण्यांना काहीही न घालणे आणि वाट न सोडणे हे तीन नियम त्यामुळे शिष्टाचार म्हणून सांगितले जात असले, तरी परिणामांच्या दृष्टीने ते शिकारबंदीच्याच रांगेतले आहेत.

उद्यानाच्या इतिहासातील सर्वांत कठीण आणि सर्वांत बोधक प्रकरण बिबट्याचे आहे. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आत व कडेने माणसांवर झालेल्या हल्ल्यांत अनेक बळी गेले, आणि त्यांचा कळस २००४ च्या जूनमध्ये झाला. घाबरलेल्या वस्त्यांतून ‘पिंजरा लावा’ ही मागणी येई, पिंजरा लावला जाई, सापडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडला जाई. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी जुन्नर परिसरात केलेल्या अभ्यासातून पुढे दिसून आले, की उपाय म्हणून केलेले हे स्थलांतर संघर्ष वाढवणारे ठरते. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या आपल्या जागेकडे परतू पाहतो, मार्गातील वस्त्यांतून जातो. आणि तो नसताना रिकाम्या झालेल्या क्षेत्रात दुसरा बिबट्या येतो. केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने एप्रिल २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही केवळ दिसला म्हणून बिबट्याला पकडू नये, अशीच भूमिका घेण्यात आली.

त्याच वर्षी वनखात्याने संशोधक आणि नागरिक यांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात काम जंगलात कमी आणि जंगलाबाहेर जास्त झाले. सोसायट्या, शाळा, पोलीस ठाणी, महापालिकेचे कर्मचारी आणि पत्रकार यांच्याशी बोलून काही साध्या गोष्टी रुजवण्यात आल्या : कचरा वेळेवर उचलला गेला की भटकी कुत्री घटतात व कुत्र्यांमागे येणारा बिबट्याही कमी येतो, अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर पाठवू नये, उघड्यावर शौचाला बसलेला माणूस बिबट्याला छोटे सावज वाटू शकतो, म्हणून वस्तीत स्वच्छतागृह आणि दिवे असणे हा वन्यजीव संरक्षणाचाच भाग आहे, आणि बिबट्या कोठे अडकला तर गर्दी न करता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. यांतील शौचालयाचा मुद्दा विशेष ठळकपणे मांडण्याजोगा आहे, कारण जंगलाला खेटून राहणाऱ्या गरिबाने जी जोखीम पत्करली तिचा वाटा इमारतीच्या बाराव्या मजल्यावरून रान पाहणाऱ्याने कधीच उचललेला नाही. बिबट्यांची संख्या या काळात घटली नाही. कॅमेरा सापळ्यांच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) साहाय्याने २०१५ मध्ये उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे ओळखले गेले, तर २०१८ च्या गणनेत ४७. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असल्याने त्यांची अशी एकेक करून ओळख पटवता येते. हल्ले मात्र त्या वाईट वर्षांच्या तुलनेत पुष्कळ उतरले.

वारली, कोकणा, महादेव कोळी आदी आदिवासींचे पाडे उद्यानात आणि आरेत पूर्वापार आहेत. त्यांच्याकडे वाघोबा हा देव आहे. ‘वाघ’ या शब्दात येथे बिबट्याही येतो. वाघबारशीला त्याची पूजा होते, आणि त्या पूजेतून, या रानात आपल्याआधी कोणाचा तरी हक्क आहे, ही जाणीव पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून केलेल्या कुडाच्या भिंती, पावसाळी रानभाज्या, औषधी मुळ्या यांचे ज्ञान पाड्यांतच आहे. संरक्षणाच्या कायद्याने मात्र हेच लोक कित्येकदा अतिक्रमण करणाऱ्यांच्या यादीत ढकलले गेले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यामुळे जंगलाचा मोठा लचका तुटण्यापासून वाचला हे खरे. पण हटवलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला, हेही तितकेच खरे.

आजचे संकट कडेकडेने येते. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवतीचे सुमारे ५९ चौ. किमी. क्षेत्र पर्यावरण-संवेदनशील म्हणून अधिसूचित झाले, परंतु सीमेलगत इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांच्या प्रखर दिव्यांनी रानाची रात्र उजळते. घोडबंदर रस्ता आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडताना बिबट्यांसह अनेक प्राणी मरतात. ठाणे आणि बोरिवली जोडणारा जुळा बोगदा उद्यानाच्या खालून नेला जात आहे. उन्हाळ्यात वणवे लागतात. त्यांना रोखण्यासाठी वनरक्षक व वनमजूर जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढतात, भर उन्हात झुडपाच्या फांद्यांनी आग झोडपून विझवतात. पाहुण्याने फेकलेले एक जळते थोटूक या साऱ्यांच्या आठवड्याच्या कष्टांवर पाणी फिरवते.

कारवीचा बहर हा या रानाचा सर्वांत मोठा सोहळा होय आणि गर्दीची कसोटीही. हे झुडूप सात वर्षे पालवते, सुकते, पुन्हा पालवते आणि आठव्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास उतारच्या उतार जांभळ्या-निळ्या फुलांनी झाकून टाकते. येथे असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला, त्यामुळे पुढचा २०३२ मध्ये अपेक्षित आहे. फुले पाहायला येणाऱ्यांची रीघ लागते, मधमाश्याही मोठ्या संख्येने येतात, आणि छायाचित्रासाठी झुडपांत शिरणाऱ्यांमुळे फुलोरे तुटतात. फुलल्यानंतर झुडूप मरते, परंतु त्याचे काम तेवढ्यावर संपत नाही. वाळलेली बोंडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत काड्यांवरच टिकून राहतात, पहिल्या पावसाने भिजली की टपटप आवाज करीत तडकतात आणि बिया भोवताली उडवतात; त्या मृगाच्या पावसात रुजतात. फुले पाहून गर्दी ओसरल्यानंतरचे ते आठ-नऊ महिने, वाळक्या काटक्यांच्या त्या उतारावर कोणाचे पाऊल पडले नाही, तरच तेथे पुढची कारवी उभी राहते.