आंतरसांस्कृतिक ऑनलाइन अध्ययनातील सामाजिक संबंध

वेगवेगळ्या देशांतील विद्यापीठीय विद्यार्थी प्रवास न करता इंटरनेटवरून एकत्र शिकतात, तेव्हा त्यांच्यात जुळणारे (आणि काही वेळा तुटणारे) ओळखीचे, सहकार्याचे व मैत्रीचे संबंध. या अध्ययनप्रकाराला आभासी विनिमय असेही म्हणतात.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1997 मध्ये सुरू झालेला ‘कल्चुरा’ प्रकल्प हे याचे ठळक उदाहरण. त्यात अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थी एकच प्रश्नावली आपापल्या भाषेत भरत. ‘चांगला शेजारी म्हणजे जो...’ अशी अर्धी वाक्ये पूर्ण करायची, दोन्हीकडची उत्तरे शेजारीशेजारी ठेवायची आणि मग एकमेकांना प्रश्न विचारायचे. पुढे 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने ‘कॉइल’ (सहयोगी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय अध्ययन) केंद्र स्थापले. युरोपीय संघानेही 2018 मध्ये इरॅस्मस प्लस या आपल्या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या योजनेत असा उपक्रम आणला.

केवळ संपर्क आला म्हणून पूर्वग्रह गळून पडत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा या अटी सांगितल्या होत्या. ऑनलाइन वर्गात पहिलीच अट अवघड ठरते. संवाद एकाच गटाच्या मातृभाषेत चालला, की दुसरा गट आपोआप शिकाऊ ठरतो. म्हणून जोडीने एकमेकांची भाषा शिकण्याच्या टँडेम पद्धतीत निम्मा वेळ एका भाषेला आणि निम्मा दुसरीला दिला जातो.

संबंध बिघडले की खापर सहसा संस्कृतीवर फुटते. प्रत्यक्षात कारण बरेचदा वेळापत्रकात असते. अमेरिकेतील सत्र ऑगस्टअखेरीस सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. दोघांच्या वाट्याला जेमतेम दोन महिने येतात. त्यातही एकाला प्रत्येक संदेशाचे गुण मिळत असतील आणि दुसऱ्याला काहीच नसतील, तर पहिला रोज उत्तराची वाट पाहतो, दुसरा आठवड्याने दोन ओळी लिहितो. पहिल्याला तो उद्धटपणा वाटतो. भाषाशिक्षणाच्या संशोधक जूली बेल्झ यांनी जर्मन-अमेरिकन गटांच्या अभ्यासात अशा संस्थात्मक कारणांकडे लक्ष वेधले.

संवादशास्त्राचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांच्या 1996 मधील मांडणीनुसार लेखी संवादातली जवळीक समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही दाट होऊ शकते : लिहिणारा विचार करून शब्द निवडतो, वाचणारा उरलेल्या जागा कल्पनेने भरतो. मात्र ती टिकवण्याच्या धडपडीत विद्यार्थी राजकारण, धर्म असे विषय टाळतात आणि गप्पा छंदांपुढे सरकत नाहीत. अशा वेळी प्रशिक्षित सूत्रधार मतभेदाचा मुद्दा मुद्दाम पुढे आणतो.