पन्हाळ्याचा वेढा आणि बारा-तेरा जुलैचा घोळ

दरवर्षी जुलै उजाडला की पन्हाळा ते पावनखिंड मोहिमांची पत्रके फिरू लागतात आणि त्यासोबत एक जुना वादही. काही मंडळे 12-13 जुलै धरतात, काही आषाढ पौर्णिमा आणि वद्य प्रतिपदा. 2022 मध्ये गुरुपौर्णिमा 13 जुलैलाच आल्याने दोन्ही बाजू एकाच सुमारास खिंडीत होत्या. 2023 मध्ये ती 3 जुलैला आली, 2024 मध्ये 21 जुलैला, आणि भांडण पुन्हा सुरू झाले.

आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज पन्हाळ्यावर मार्च 1660 पासून जुलैपर्यंत, म्हणजे चार महिन्यांहून अधिक अडकले होते. स्मरणात मात्र महाराज गडावरून निसटले ती एकच रात्र आणि खिंडीत लढाई झाली तो दुसरा दिवस उरला आहे. मोर्चे कुठे लागले होते, राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून गडावर मारा केला तो कुठून, पाऊस सुरू झाल्यावरही वेढा ढिला का पडला नाही, हे कार्यक्रमांत क्वचितच येते. त्याच वर्षी सप्टेंबरात पन्हाळा तह करून आदिलशाहीला द्यावा लागला आणि तो परत घ्यायला मार्च 1673 उजाडला. या दोन तारखांना गडावर फारशी गर्दी नसते. सुटकेचा सोहळा होतो, वेढ्याचा होत नाही.

आता तारखेचे. '12 जुलै 1660' ही तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या दिनदर्शिकेच्या पद्धतीची आहे. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसते, आणि फलकांवर तर ते कधीच लिहिलेले नसते. मूळ मराठी नोंदी शके, संवत्सर, मास, तिथी अशा चालतात: शके 1582, शार्वरी, आषाढ. तिथीचे इंग्रजी तारखेत रूपांतर करताना शिवकालासाठी ज्युलियन पद्धत वापरायचा प्रघात पडला. इंग्रज वखारीचे कागदही त्याच पद्धतीचे असल्याने ते सोयीचेही होते, कारण इंग्लंडने 1752 पर्यंत जुनी पद्धत सोडली नव्हती. गोव्याचे पोर्तुगीज मात्र सोळाव्या शतकातच ग्रेगोरियनवर, म्हणजे आजच्या पद्धतीवर गेले होते. त्यामुळे एकाच दिवसाला इंग्रजांच्या पत्रात एक तारीख आणि पोर्तुगीजांच्या पत्रात दहा दिवस पुढची. (ग्रेगोरियन सुधारणेचे साल इ.स. 1582 आणि वेढ्याचे शके 1582 हा निव्वळ योगायोग आहे. तरी नवख्याची त्यात हमखास फसगत होते.)

हे कुणालाही ताडून पाहता येते. सतराव्या शतकासाठी फरक दहा दिवसांचा, म्हणजे ज्युलियन 12 जुलै 1660 ही आजच्या पद्धतीने 22 जुलै. त्या दिवशी गुरुवार येतो आणि चंद्र पूर्ण असतो. पण तारीख बदलून न घेता फोनवरच्या ग्रेगोरियन गणितात 12 जुलै 1660 टाकली, तर वार सोमवार निघतो आणि चंद्र पंचमीच्या आसपासचा. म्हणजे आजच्या दिनदर्शिकेतल्या 12 जुलैला जमणारे पौर्णिमेलाही जमत नाहीत आणि सूर्याच्या हिशेबाने त्याच दिवसालाही नाही. 19 फेब्रुवारी 1630 ची हीच गत आहे. ती आजच्या पद्धतीने 1 मार्च होते. शिवजयंतीला सरकारी सुट्टी असल्याने तारीख एकदाची ठरली. पावनखिंडीला तसा कुणी वाली नाही.

तिथीवाल्यांची बाजू इथे जड आहे, हे मान्य करायला हवे. निदान चांदणे तरी त्या रात्रीचेच मिळते. 12 जुलै 2024 ला सप्तमीच्या आसपासचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळला, आणि त्यानंतर रात्री चालणाऱ्यांना विजेरीशिवाय गत्यंतर नव्हते. अर्थात आषाढात ढग असले की तिथी काय नि तारीख काय, अंधार सारखाच. तारीखवाल्यांचा खरा मुद्दा सोयीचा आहे. रजा, गाड्या, परवानग्या तारखेने ठरतात, आणि अधिक मासामुळे तिथी पंधरा-वीस दिवस मागेपुढे सरकते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे गुरुपौर्णिमा थेट 29 जुलैला जाते.

दुसरा गुंता नावाचा. 'पावनखिंड' हे नाव लढाईनंतरचे, आधीची ती घोडखिंड किंवा गजापूरची खिंड. आज जिथे लोखंडी शिडीने खाली उतरवतात ती जागा पाहिली तर ती दोन डोंगरांमधली खिंड कमी आणि ओढ्याने कापलेली घळ जास्त वाटते. म्हणूनच काही अभ्यासक लढाईची जागा जवळच्या वाटेवर धरतात. समाध्या तर खिंडीत नाहीतच. बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभूंच्या म्हणून दाखवतात त्या विशाळगडावर आहेत. महाराजांचे सोंग घेऊन गेलेल्या शिवा काशिदांची समाधी पन्हाळ्याला. खिंडीत लढलेल्या बांदलांच्या मावळ्यांचा उल्लेख फलकांवर अलीकडे ठळक होऊ लागला आहे, आणि तो उशिरानेच.

वाटेबद्दलही थोडे. राजदिंडी, म्हाळुंगे, मसाई पठार, करपेवाडी, पांढरपाणी, पावनखिंड ही आजची साखळी भूगोल आणि परंपरा जुळवून बसवलेली आहे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, बहुतेक गट ते दोन दिवसांत काढतात. चुकामूक होते ती मसाई पठारावर, कारण धुक्यात सपाटीला दिशाच राहत नाही आणि चुन्याचे बाण पहिल्या सरीत धुऊन जातात. खुणेला झाडाची फांदी किंवा कापडी फीत बरी, आणि ती परतताना काढायची. पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पुढे जांभ्यावर शेवाळ, रानात जळवा, आणि वाडीजवळ नुकती लावणी झालेली भातखाचरे. शंभर माणसे बांध सोडून खाचरातून गेली की रोप चिखलात दबते, आणि गावकऱ्यांची तक्रार बहुतेक तीच असते.

14 जुलै 2024 ला विशाळगडावरील अतिक्रमणविरोधी आंदोलनाच्या वेळी गजापुरात हिंसाचार झाला. त्यानंतर गडावर निर्बंध आले आणि तिथवर जाण्याचा बेत आखणाऱ्या गटांना खिंडीतूनच परतावे लागले. राजे पोहोचले तो गड वाटेतून वगळला गेला.

11 जुलै 2025 ला पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. मराठा लष्करी भूदृश्यांच्या त्या बारा किल्ल्यांत विशाळगड नाही. पंचांगात त्या दिवशी आषाढ वद्य प्रतिपदा होती.