आधी विमान ठरवा, मग जॉयस्टिक घ्या

घरी फ्लाइट सिम्युलेटर उभारायचं ठरलं की चर्चा ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते, मग मॉनिटरवर येते, आणि हातात काय धरायचं हे उरलेल्या पैशांवर ठरतं. क्रम नेमका उलटा हवा. चित्र जरा धूसर असलं तरी विमान उतरवता येतं. पण योक (विमानाचं स्टिअरिंग) मध्येच अडकून एकदम सुटत असेल, तर धावपट्टी कितीही देखणी दिसो, शेवटच्या वीस फुटांत नाक वर-खाली डोलणारच.

त्याहीआधी ठरवायचं ते उडवायचं काय. सेसना १७२, एअरबस ए३२० आणि लढाऊ विमान यांची हाताळणी मुळातच वेगळी आहे. ‘सगळ्यांना चालेल असं काहीतरी द्या’ म्हणून दुकानात गेलात तर जे मिळेल ते तिघांपैकी एकालाही धड जुळणार नाही.

स्प्रिंगला वेग कळत नाही

सेसनात योकपासून शेपटावरच्या एलिव्हेटरपर्यंत (नाक वर-खाली करणारी झडप) स्टीलच्या केबल आणि पुली आहेत. हाताला लागतो तो जोर मुख्यतः हवेचा, आणि हवेचा हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एलिव्हेटर ठरावीक अंशात वळवायला ६० नॉटला (ताशी ६० सागरी मैल) जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण चौपट १२० नॉटला. वेग उतरत विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल कोसळण्याच्या, जवळ गेलं की योक ढिला पडतो आणि वेगमापकाकडे न बघताही पायलटला ते कळतं. टेबलावरच्या योकमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे स्प्रिंग असते आणि तिचा जोर तुम्ही योक किती ओढलात एवढ्यावरच ठरतो. विमान उभं असो, चढत असो की स्टॉल होत असो, हाताला सगळं सारखंच.

यातून सगळ्यात मोठा घोळ होतो तो ट्रिमचा, म्हणजे योक सतत ओढून न धरता विमान आहे त्या स्थितीत ठेवण्याच्या सोयीचा. खऱ्या सेसनात नाक वर ठेवायला योक दोन इंच ओढून धरावा लागत असेल, तर ट्रिमचं चाक फिरवत गेल्यावर त्याच जागी हातावरचा जोर नाहीसा होतो. योक जागचा हलवावा लागत नाही. स्प्रिंगच्या योकची जोर नसलेली जागा मात्र कायम मधलीच. म्हणून घरी ट्रिम करायची रीत निराळी. आधी योकने हवी ती पिच (नाकाचा वर-खाली कोन) पकडा, पॉवर ठरवा, वेग स्थिरावू द्या. मग ट्रिम थोडा थोडा देत योक तेवढाच मध्याकडे सोडत या, कृत्रिम क्षितिजावर नाक हलणार नाही अशा बेताने. नवशिके योक आधी सोडून देतात आणि मग ट्रिम शोधत बसतात, किंवा ट्रिमनेच विमान वर-खाली करू पाहतात. दोन्हींत विमान संथ झोके खात राहतं आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. योकवरच्या ट्रिमच्या बटणाने एका दाबात बरेचदा नको तेवढा बदल होतो. सेसना उडवणार असाल तर ट्रिमचं वेगळं चाक, किंवा चाक असलेला थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनची पॉवर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांचा संच), ही चैन नाही.

आता ए३२० पाहा. १९८८मध्ये सेवेत आलेल्या या विमानात साइडस्टिकपासून (सीटच्या बाजूची छोटी स्टिक) निघतात त्या विजेच्या तारा. स्टिक मागे ओढली की संगणकाला आदेश जातो, ‘एवढा जी-भार (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला भार) हवा’. बाजूला कलती केली की ‘एवढ्या दराने कलंडू दे’. पिचचा ट्रिम संगणकच करतो. आणि खऱ्या साइडस्टिकच्या बुडाशीसुद्धा असते ती स्प्रिंगच! एलिव्हेटरवरचा हवेचा जोर तिथे वैमानिकाच्या हातापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे टेबलावरची साधी जॉयस्टिक ए३२०च्या जितकी जवळ जाते, तितका तिच्या कितीतरी पट महागडा योक सेसनाच्या जवळ जात नाही. मुंबई-पुण्याहून उडणाऱ्या प्रवासी विमानांत ए३२० घराण्याचाच भरणा असल्याने ‘आपण बसतो ते विमान’ उडवायची हौस असणाऱ्यांचं काम अशा रीतीने स्वस्तात भागतं. बोइंग ७३७ला योक आहे, पण एलिव्हेटर हलवतं हायड्रॉलिक. वैमानिकाच्या हाताला वेगानुसार जोर जाणवावा म्हणून तिथे मुद्दाम कृत्रिम यंत्रणा बसवलेली असते.

मोटर बसवलेले फोर्स-फीडबॅक योक आणि स्टिक हे सगळं घरी करू शकतात. सिम्युलेटरकडून वेग आणि ट्रिम घेऊन मोटर जोर बदलते. किंमत मात्र अशी की त्यात चांगला कॉम्प्युटर यावा. पहिल्या खरेदीत त्यांचा विचार नको.

कोणत्या हाताला काय, हेही विमानच सांगतं. सेसनात डाव्या सीटवर बसलेल्याचा डावा हात योकवर, उजवा थ्रॉटलवर; तेव्हा क्वाड्रंट योकच्या उजवीकडे लावा. ए३२०च्या कॅप्टनची साइडस्टिक डाव्या हाताला असते. उजव्या हातात स्टिक आणि डाव्यात थ्रॉटल घेऊन बसलात तर तुम्ही फर्स्ट ऑफिसर झालात, त्यात कमीपणा काही नाही. डावी बाजूच हवी असेल तर मूठ दोन्ही हातांना चालणारी बघा, थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम तशी आहे. योक घेताना तो किती अंश फिरतो तेही विचारा. लॉजिटेकचा जुना सायटेक योक एकूण ९० अंश फिरतो, हनीकोंब अल्फा १८०. पहिल्यात हाताची थोडी हालचालही जास्त एलेरॉन (विमान कलंडवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) देते, त्यामुळे विमान चंचल वाटतं.

बिट मोजू नका, सेन्सर बघा

जाहिरातीत ‘१६ बिट’ असं ठळक लिहिलेलं असतं. हिशोब करून बघा. जॉयस्टिकचा दांडा १८ सेंटीमीटर लांब आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० अंश हलणारा धरू. ८ बिट म्हणजे ही सगळी हालचाल २५६ पायऱ्यांत मोजली जाते. एक पायरी ०.१६ अंशाची, म्हणजे मुठीपाशी अर्धा मिलिमीटर. फायनल अॅप्रोचवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरताना, ही पायरी जाणवते. १० बिटला १,०२४ पायऱ्या, एक पायरी ०.१२ मिलिमीटर. १२ बिटच्या पुढे माणसाच्या हाताला फरक कळणं अवघड.

खरा फरक आहे तो मोजणी कशी होते यात. स्वस्त साधनांत पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवर एक धातूची पट्टी घासत फिरते. घासून घासून कार्बन झिजतो, धूळ बसते, आणि हात स्थिर असताना आकडा उड्या मारू लागतो. ही झीज सगळ्यात आधी मधल्या जागी होते, कारण स्टिक बहुतेक वेळ तिथेच असते. कोकणातल्या दमट हवेत आणि घाट ओलांडल्यावरच्या धुळीत दोन्हीकडे हा रोग लवकर येतो. हॉल सेन्सरमध्ये काहीच घासत नाही. एडविन हॉल यांनी १८७९मध्ये शोधलेला परिणाम असा: वाहत्या विद्युतप्रवाहाला आडवं चुंबकीय क्षेत्र दिलं की प्रवाहाच्या कडेला व्होल्टेज तयार होतं. स्टिकच्या बुडाशी चुंबक फिरतो, शेजारची चिप ते व्होल्टेज मोजते. दोन पैसे जास्त गेले तरी हॉल सेन्सरचंच घ्यावं.

पण उत्तम सेन्सरलाही निष्प्रभ करणारी गोष्ट म्हणजे सुरुवातीलाच अडवून धरणारं घर्षण. योकचा दांडा प्लॅस्टिकच्या बुशमधून सरकतो. हलका हात दिला की आधी काहीच होत नाही, जोर वाढवला की एकदम चार मिलिमीटरची उडी. नाक जास्त वर जातं, तुम्ही उलटं ढकलता, तिकडेही उडी. वैमानिकाच्याच हाताने वाढत जाणारं हे डोलणं खऱ्या विमानांतही ओळखीचं आहे. दुकानात तपासायचं ते एका बोटाने: योकला बोट लावून अगदी सावकाश ढकला, सुरुवात गुळगुळीत होते का बघा. कोरडा पडलेला दांडा पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला की सुधारतो. पेट्रोलियमचं स्प्रे-तेल मारू नका, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

यावर सॉफ्टवेअरचा उपाय म्हणून लोक डेड झोन वाढवतात. मधल्या भागात हालचालच मोजायची नाही, असा त्याचा अर्थ. आणि बारीक दुरुस्त्या करायच्या असतात त्या नेमक्या तिथेच. शून्यापासून सुरू करा, आकडा थरथरत असेल तर एक-दोन टक्के द्या, बस. विमान फार चंचल वाटत असेल तर सेन्सिटिव्हिटी कर्व्ह (हात किती हलला की विमानाला किती आदेश जातो, तो आलेख) मध्याजवळ सपाट करा.

पाय, खुर्ची आणि एक फळी

सेसनाचा पंखा पायलटच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. पंख्याने मागे फेकलेली हवा पिळा घेत जाऊन शेपटाच्या उभ्या पंखाला डावीकडून धडकते. शिवाय नाक वर असताना खाली येणारं उजवं पातं जास्त खेचतं. पूर्ण पॉवर आणि कमी वेग अशा वेळी नाक डावीकडे ओढलं जातं आणि उजवा पाय द्यावा लागतो. म्हणून सेसनाला रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटावरची उभी झडप, म्हणजे रडर, पायाने हलवणारे) लवकर घ्या. जॉयस्टिकची मूठ पिळून रडर देता येतो, पण पिळताना मनगट कलतं आणि नको असलेला एलेरॉनही जातो. ए३२०त हवेत वळताना रडरचा ताळमेळ संगणक सांभाळतो. पेडल लागतात ते जमिनीवर, आडव्या वाऱ्यात आणि इंजिन बंद पडल्यावर. तिथे सहा महिने मूठ पिळून चालेल.

पेडल फार जवळजवळ असतील तर गुडघे एकमेकांना भिडतात आणि टाचा अवघडतात. घेण्याआधी बसून बघा. खरी अडचण येते ती घरी. गुळगुळीत टाइल्सवर पेडल पुढे सरकतात आणि चाकाची खुर्ची मागे. पायाने जेवढा जोर पुढे द्याल तेवढाच तुम्हाला मागे ढकलणार. रबरी चटईने निम्मं काम होतं. पक्का उपाय म्हणजे साधारण १२० बाय ६० सेंटीमीटरची १८ मिलिमीटर प्लायवुडची फळी. पेडल तिला स्क्रूने बसवा, खुर्चीच्या चाकांपुढे-मागे लाकडी पट्ट्या ठोका. आता पेडलवरचा जोर आणि खुर्चीवरचा उलटा जोर एकाच फळीवर येऊन एकमेकांना फेडतात.

टेबलाचंही बघा. योकच्या क्लॅम्पला कडेखाली जागा लागते. तिथे ड्रॉवर किंवा कीबोर्डची सरकती फळी असली की क्लॅम्प बसत नाही. पार्टिकल बोर्डचं टेबल योक ओढताना वाकतं. आणि योक पूर्ण फिरवल्यावर त्याची शिंगं मांड्यांना लागत नाहीत ना, हे खरेदीआधी माप घेऊन तपासा.

दिसणं आणि वायरी

२७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असतो. ६० सेंटीमीटरवरून बघितला तर तो ५३ अंशांत मावतो. धावपट्टीला समांतर उडताना धावपट्टी ९० अंशांवर असते आणि बेस लेगचं (उतरण्याआधी धावपट्टीच्या दिशेला आडवं जायचं) वळण घेताना खांद्याच्याही मागे, म्हणजे मॉनिटरच्या पार बाहेर. तीन मॉनिटर लावण्यापेक्षा हेड ट्रॅकिंग स्वस्त पडतं: ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरही डोक्याची हालचाल ओळखतं आणि दृश्य तेवढं फिरवतं. व्हीआरमध्ये (डोळ्यांवर चढवायच्या पडद्यात) खोलीचा अंदाज अप्रतिम येतो, पण हाताखालची बटणं दिसत नाहीत.

कॉम्प्युटरबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ला किमान १६ जीबी रॅम लागते, कंपनीची शिफारस ३२ची आहे, आणि भूभाग इंटरनेटवरून येत असल्याने कनेक्शन दमदार हवं. कमी ताकदीच्या मशीनवर मोफत फ्लाइटगिअर चालतं. सेकंदाला ३० फ्रेमवर स्थिर चित्र हे २५ ते ५० मध्ये हिंदकळणाऱ्या चित्रापेक्षा उतरवायला सोपं.

सगळं जोडल्यावर सिम्युलेटर प्रत्येक साधनाला आपल्या मनाने कामं वाटून देतो. मुठीचा पीळ आणि पेडल दोन्हींवर रडर लागला की नाक सतत थरथरतं. मुठीवरचा काढून टाका. टो-ब्रेकची (पेडलचा वरचा भाग दाबून लागणारे चाकांचे ब्रेक) दिशा बरेचदा उलटी लागते, म्हणजे पाय काढला की ब्रेक पूर्ण. सुरू केल्यावर पेडल एकदा पूर्ण दाबून सोडेपर्यंत काही वेळा ब्रेक अर्धवट लागलेलेच राहतात. पूर्ण पॉवरलाही सेसना ५५ नॉट गाठत नसेल तर आधी तिथे बघा. यूएसबी २च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात; योक, क्वाड्रंट आणि पेडल एकाच साध्या हबवर लादू नका, स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घ्या. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, नाहीतर ऑटोपायलटवर तासभर न हललेली स्टिक झोपी जाते आणि अॅप्रोचला तुम्ही हात घालता तेव्हा दाद देत नाही.